काय करणार, ते सांग

19 सप्टेंबर 2023, मंगळवार. सकाळचे साडेदहा. बँकॉकमधल्या ओन नुत भागातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गणपती पाटावर बसले होते आणि ओट्यावर माझे मोदक झोपले होते. उकड काढतानाच ती चमचा सोडेना. मी दोष दिला नव्या इंडक्शन शेगडीला. कळ्या पाडल्या की दोन मिनिटांत एकमेकींत विरघळायच्या. त्याचा दोष दिला दमट हवेला. शेवटी वाफ आणून झाकण उघडलं, तर चाळणीत अकरा मोदकांऐवजी एकच चकचकीत पांढरा गोळा. चमचा घातला तर वीतभर तार निघाली.

"आई, यात चीज घातलंस?" लेकीने विचारलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि आनंदली होती.

मग मी पिठाचं पुडकं नीट वाचलं. त्यावर तीन तोंडांचा हत्ती होता. ऐरावत इकडे तीन तोंडांचा असतो. हत्ती बघून मला वाटलं, आज याहून योग्य पीठ दुसरं कुठलं असणार! खाली बारीक इंग्रजीत 'ग्लुटिनस राइस फ्लोअर' लिहिलेलं. मी त्यातलं 'राइस फ्लोअर' वाचलं होतं, आधीचा शब्द सोडून. आपल्या साध्या तांदळाचं पीठ त्याच हत्तीचं, पण लाल अक्षरांच्या पुडक्यात मिळतं. मी आणलं होतं हिरवं, चिकट भाताचं. त्या दिवशी नैवेद्याला शिरा झाला.

नवऱ्याची बदली झाली म्हणून जूनमध्ये आम्ही इथे आलो. येताना तीन मोठ्या बॅगा होत्या आणि त्यातल्या दोनांत फक्त खाणं. तूरडाळ, मुगडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, चिंच, गूळ, आमसुलं, वरून लोणच्याच्या दोन बरण्या. चिंच थायलंडला नेणं म्हणजे कोकणात नारळ घेऊन जाण्यासारखं आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी चिपळूणची.

पहिले तीन महिने आम्ही फक्त मोठ्या सुपरमार्केटात जायचो. रविवारी सकाळी तिघं निघायचो, थंडगार एसीत ट्रॉली ढकलायची, लेकीने दर वेळी वेगळ्या रंगाचं दही उचलायचं, आणि दोन तासांनी आमच्याकडे बिस्किटं, पाव, सफरचंदं आणि अतिशय महाग पनीर जमा झालेलं असायचं. जे वाचता येईल तेच विकत घ्यायचं, असा तो काळ. थाई लिपीत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, त्यामुळे मला तर प्रत्येक पुडक्यावर एकच लांबलचक शब्द दिसायचा.

एकदा दुधाच्या बाटलीवर तारखेचा शेवटचा आकडा 66 होता. नवरा म्हणाला, "माझ्या बाबांच्या मुंजीच्या वेळचं दूध आहे हे." थायलंडात बुद्धसंवत चालतो, 2023 म्हणजे 2566. पाचशे त्रेचाळीस वजा करायचे. त्याच्या ऑफिसातल्या एकाने तारखेआधीचे शब्दही वाचून दाखवले: 'मोत आयु'. मोत म्हणजे संपणं, आणि आयु म्हणजे आयुच. दुधाचं आयुष्य संपतं ती तारीख. त्या दिवशी मला या लिपीची भीती जरा कमी वाटली. भिंतीवरच्या कॅलेंडरात मकराखोम, कुम्फाफन, मीनाखोम असे महिने दिसले, तेव्हा तर हसूच आलं. बाराही राशी ओळीने उभ्या. आहाराला 'आहान', बँकेला 'थनाखान', म्हणजे धनागार. पण या ओळखीचा बाजारात उपयोग शून्य. धनागार कळून भेंडी मिळत नाही.

मोदकांचा गोळा झाल्यावर मी ठरवलं की सुपरमार्केट पुरे, आता तलात. तलात म्हणजे मंडई. आमच्या जवळचा तलात फ्रा खानोंगला, स्कायट्रेनने एक स्टेशन अलीकडे. पहाटेपासून गजबज, पायाखाली ओलं, वर ताडपत्री, एका बाजूला मासळी. वासाने मला थेट घरी गेल्यासारखं वाटलं. नवऱ्याने नाकाला रुमाल लावला. तो पुण्याचा, त्याला माफ आहे.

तिथे गेल्यावर कळलं की मी बॅगेत जे आणलं होतं त्यातलं बरंच इथे ढिगाने पडलंय. शेवग्याच्या शेंगा, कारली, दुधी, कोहळा, हातभर लांब चवळीच्या शेंगा, ओली हळद, केळफूल, केळीच्या पानांच्या घड्या. कोथिंबीर मुळांसकट, कारण यांना मुळंच जास्त हवी असतात, वाटणात घालतात. सोललेली मुगडाळसुद्धा होती. तिला 'थुआ थोंग', सोनेरी डाळ म्हणतात. आमसूल मात्र नाही. मेथीही दिसली नाही, आणि कढीपत्ता एका टोपलीत कोपऱ्यात, औषधासारखा.

पहिल्याच दिवशी फसले. सोललेल्या लसणावर 15 अशी पाटी. पंधरा बाथ किलो म्हणजे फुकटच, म्हणून ऐटीत एक किलो मागितला. बाईने दीडशे घेतले. इथल्या मंडईत पुष्कळ गोष्टींचे भाव खीतवर असतात, आणि एक खीत म्हणजे 100 ग्रॅम. तिने फसवलं नव्हतं, मीच आपल्या किलोच्या हिशेबात होते. महिनाभर आमच्या घरात प्रत्येक पदार्थ लसणीचा झाला.

दुसरी फजिती बोलण्याची. बायकांनी वाक्याच्या शेवटी 'खा' लावायचं आणि पुरुषांनी 'ख्राप', जे रोजच्या बोलण्यात 'खाप' होतं. मी थाई शिकत होते आमच्या इमारतीच्या वॉचमनकडून. त्यामुळे दोन आठवडे मी भाजीवाल्यांना पुरुषासारखी आदराने बोलत होते. कुणी काही म्हणालं नाही, फक्त माझ्याशी बोलताना सगळे फार खुशीत असायचे. शेवटी लेकीने सांगितलं. शाळेत जाऊन तीन महिन्यांत ती माझ्यापुढे निघून गेली होती, आणि रविवारच्या बाजाराला आता ती आमची दुभाषी. बदल्यात एक नारळाचं आइस्क्रीम, असा करार.

तिनेच मला नाती शिकवली. आपल्याकडे ताई-मावशी म्हणतो तसं इथेही आहे. थोडी मोठी असेल तर 'पी', आईहून मोठ्या वयाची बाई दिसली की 'पा'. लहान असेल तर 'नोंग'. हे शब्द आले आणि भाव जरी तेच राहिले तरी वर काहीतरी पडू लागलं. मूठभर मिरच्या, दोन लिंबं. त्यालाही शब्द आहे, 'थेम'. कढीपत्ता मागून घेण्याची जी सवय आपल्याला लागलेली असते, ती इथेही चालते हे कळल्यावर मला हे शहर आवडायला लागलं असावं.

आता हिंगाची गोष्ट. आणलेली डबी डिसेंबरात संपली. फोडणी हिंगाशिवाय म्हणजे मला अर्धवट शिंक आल्यासारखं होतं. मी मसाल्याच्या दुकानात गेले. जिरं मिळालं, धणे मिळाले. हिंग? मी फोनवर भाषांतर करून दाखवलं. दुकानदाराने वाचलं, मोठ्याने म्हटलं, "महाहिंग!" मी म्हटलं हो हो, महाच द्या. त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. तिकडे औषधाचं दुकान. मला वाटलं, चुकून दाखवलं असेल. पण औषधवाल्या मुलीनेही शब्द ऐकताच मान हलवली, एक छोटी काचेची बाटली काढली आणि माझ्या पोटाकडे बघत हळुवारपणे काहीतरी विचारलं. लेक लाजली. "आई, ती विचारतेय बाळ किती महिन्यांचं आहे."

इथे महाहिंग म्हणजे तान्ह्या बाळाच्या पोटात वारा धरला की पोटावर चोळायचा अर्क. माझ्या आजीने आम्हा सगळ्या भावंडांच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं होतं. तोच उपाय, तोच वास, फक्त यांनी हिंग स्वयंपाकघरात येऊच दिला नाही. मी बाटली घेतली. फोडणीत घालायचं धाडस झालं नाही, पण बरेच दिवस ती मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवून अधूनमधून झाकण उघडून हुंगायचे.

खरा हिंग आणायला फाहुरातला जावं लागलं. ती आमची महिन्यातून एकदाची मोठी सहल. ओन नुतहून स्कायट्रेनने असोक, तिथे खाली उतरून भुयारी रेल्वे, आणि सामयोत स्टेशन. दोन्ही गाड्यांची तिकिटं वेगळी, हे पहिल्यांदा न कळल्यामुळे फाटकाशी आमची वरात अडली होती. फाहुरात म्हणजे इथला जुना हिंदुस्थानी बाजार. शीख कापडव्यापाऱ्यांची दुकानं, मागे सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, गल्लीत समोसे. किराणा दुकानात 'भैया, पोहे पतले या मोटे?' असं कुणीतरी विचारल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही. साबुदाणाही तिथूनच आणायचा. थाई साबुदाणा दिसतो तसाच, पण त्याची खिचडी करायला गेले तेव्हा खळ झाली, तो खिरीसाठी. फाहुरातहून चालत पाक ख्लोंग तलातच्या फुलबाजारात जाता येतं. झेंडूचे डोंगर असतात आणि गजऱ्यासारख्या नाजूक फुआंगमालाय माळा. तिथे नवऱ्याचा वेळ जात नाही, म्हणून आम्ही त्याला आधी गुरुद्वाऱ्यात लंगर जेवायला घालतो. जेवलेला पुणेकर फुलंसुद्धा उचलतो.

2024 च्या गणपतीला सासूबाई आल्या. त्या वर्षी जुलैपासून भारतीयांना व्हिसा न काढता 60 दिवस राहता येऊ लागलं होतं, त्यामुळे 'कागदपत्रं फार असतात हो' ही त्यांची सबब संपली. गणपती 7 सप्टेंबरला, शनिवारी. येताना त्यांनी बॅगेत काय आणलं? चिंच आणि गूळ. मी काही बोलले नाही.

आदल्या शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी तलातात गेलो. माझी नारळवाली पा गेलं वर्षभर मला ओळखत होती. तिच्याकडे खोबरं खवायचं यंत्र आहे. नारळ धरला की घर्र करून अर्ध्या मिनिटात परातभर खोबरं. मी बोट दाखवायचे, ती द्यायची, मी न्यायचे. त्या दिवशी सासूबाईंनी खोबरं चिमटीत धरलं आणि म्हणाल्या, "अगं, याला करवंटीची साल लागलीय. सारण काळं होईल." मी म्हटलं, इथे असंच मिळतं आई. पाने आमचा सूर ओळखला असावा. तिने यंत्र बंद केलं आणि विचारलं, "थाम अराय?"

लेक म्हणाली, "काय करणार, असं विचारतेय."

वर्षभरात तिने मला हे विचारलं नव्हतं, कारण मी तिला विचारायला जागाच ठेवली नव्हती. मी नावं पाठ करून जायचे. नारळ, पीठ, डाळ, किती खीत. लेकीने सांगितलं, फ्रा फिकनेतसाठी खनोम, म्हणजे गोड पदार्थ करायचाय, आत गोड खोबरं आणि बाहेर तांदळाची पारी. फ्रा फिकनेत म्हणजे आपला गणपती. इथे तो कलांचा देव, चौकाचौकात त्याची देवळं, ललित कला विभागाच्या चिन्हावरही तोच. पाचा चेहरा उजळला. "आऽ, खनोम तोम!" मग तिने माझ्या पुढ्यातलं खोबरं सरळ काढून घेतलं. ते केंगचं, म्हणजे रश्शाचं. दूध काढून चोथा टाकायचा असतो, साल लागली तरी चालते. खनोमसाठी वेगळा नारळ, फार कोवळा नाही, फार जून नाही. त्याला 'थुन थुक' म्हणतात. तिने तो फोडला, तपकिरी साल सुरीने तासली आणि पांढरंशुभ्र खोबरं मऊ मऊ उतरवून दिलं. सासूबाईंनी चिमटीत घेतलं, तोंडात टाकलं, आणि माझ्याकडे अशा बघितल्या की वर्षभर मी यांच्या मुलाला काय खाऊ घातलं असेल.

मग पा मला दंडाला धरून शेजारच्या किराणा दुकानात घेऊन गेली. गूळ दिला: नामतान पीप, माडाच्या रसाचा, मऊ, धुरकट वासाचा. माझ्या आजोळी असायचा तसा माडाचा गूळ, जो मी वीस वर्षांत पाहिला नव्हता. सासूबाईंनी आणलेला गूळ बॅगेतच राहिला. आणि मग पाने शेल्फवरून पीठ उचललं.

हिरवं. तीन तोंडांचा ऐरावत.

मी ओरडलेच. "नाही, नाही, निआव नको!" निआव म्हणजे चिकट. तो शब्द मला गेल्या गणपतीपासून पाठ होता. पा गोंधळली. खनोम तोम म्हणजे चिकट पिठाचे गोळे, आत नारळ-गूळ, उकळत्या पाण्यात शिजवून खोबऱ्यात घोळवलेले. देवाच्या पूजेत ठेवतात. निआव नसलेला खनोम तोम तिने ऐकला नव्हता. आता पाच-सहा गिऱ्हाइकं, किराणावाला, मिरचीवाली, सगळ्यांनी मिळून आमच्या मोदकावर चर्चा केली. लेकीने वहीच्या पानावर कळ्यांसकट मोदक काढून दाखवला, वाफेच्या रेघांसकट. चित्र हातोहात फिरलं. शेवटी पाने लाल पुडकं माझ्या हातात दिलं, पण हिरवंही ठेवलं आणि बोटांनी खूण केली: लालमध्ये दोन चमचे हिरवं. म्हणजे चिरणार नाही.

सासूबाईंनी हे भाषांतर ऐकून नाक मुरडलं. पन्नास वर्षं मोदक करणाऱ्या बाईला मंडईतली बाई शिकवणार? पण मग हळूच म्हणाल्या, "आंबेमोहोराची पिठी नाहीये म्हणा इथे. दोन चमच्यांनी काय होतंय." किराणावाल्याने हिरव्या पुडक्याचे पैसे घ्यायला नकार दिला. थेम. नवऱ्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, बघ, मीच उगाच लोकांना चिकट म्हणतो. योगायोग असा की थाईतही कंजूष माणसाला 'खी निआव' म्हणतात. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ मी इथे लिहीत नाही.

प्रत्येक जिन्नस वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा भरून फुगवलेली, तोंडाला रबरबँडचा वेढा. मोठ्या दुकानांनी 2020 पासून पिशव्या देणं बंद केलंय, पण तलातापर्यंत ते पोचलेलं नाही. रबराच्या देशात रबरबँडची काटकसर कोण करणार. हातात अशा दहा फुगलेल्या पिशव्या घेऊन आम्ही स्टेशनात चढलो तर सहा वाजले आणि राष्ट्रगीत लागलं. सगळं स्टेशन जागच्या जागी थांबलं. सासूबाईही थांबल्या, सरळ उभ्या, डोक्यावरचा पदर सावरून. संपल्यावर म्हणाल्या, "रोज?" म्हटलं, रोज, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा.

दुसऱ्या दिवशी एकवीस मोदक झाले. एकही चिरला नाही. सासूबाई पाचं नाव न घेता म्हणाल्या, "हवा दमट आहे इथली, त्यामुळे असेल." पाच मोदक डब्यात घालून रविवारी मी पाला नेऊन दिले. तिने एक खाल्ला, बराच वेळ चघळला, आणि चव सांगितली: छान, पण सारणात मीठ कमी. थाई माणसाला गोडात मीठ लागतंच. पुढच्या वर्षी बघू.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही चातुचाकच्या बाजारात गेलो. हा बाजार मुख्यतः आठवडाअखेरीचा, पण तिथे दिवस कसा जातो कळत नाही आणि पायही राहत नाहीत. नवरा झाडांच्या गल्लीत हरवला, लेक सशाच्या चित्रांचे टीशर्ट बघत राहिली. सासूबाई जुन्या सामानाच्या एका दुकानासमोर एकदम थांबल्या. जमिनीवर लाकडाचा बुटका प्राणी होता, चार पायांचा, पाठ बसायला खोलगट झालेली, आणि तोंडातून पुढे आलेलं दातेरी लोखंडी पातं.

"खवणी आहे ही," त्या म्हणाल्या.

खवणीच होती. यावर बसून खोबरं खवायचं. आपल्या अडोळीचीच बहीण, फक्त हिला सशाचे कान काढलेले. इथे खवणीला 'क्रताय'च म्हणतात, म्हणजे ससा. सासूबाईंनी साडी सावरली आणि दुकानातच तिच्यावर बसून बघितलं, उंची बरोबर आहे का. दुकानदार आठशे म्हणाला. "लोत दाय मय," कमी होईल का, हे वाक्य त्यांनी लेकीकडून दोन दिवसांत शिकून घेतलं होतं, सहाशेवर आणलं. घरी आल्यावर पातं रद्दीच्या कागदांत गुंडाळलं, वर टॉवेल, आणि बॅगेत बसवण्यासाठी चिंच, गूळ आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली. ती आता माझ्याकडे आहेत.

सुवर्णभूमीच्या काउंटरवर बॅग वजनकाट्यावर चढली. तेवीस किलोला दोनशे ग्रॅम कमी. काउंटरवरच्या मुलीने बॅगेचा तो विचित्र उंचवटा पाहिला आणि नम्रपणे इंग्रजीत विचारलं, यात काय आहे? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढे झाल्या, आणि महिनाभरात शिकलेल्या थाईचा त्यांना सार्थ अभिमान होता.

"क्रताय, खा," त्या म्हणाल्या.

मुलीचा हात थांबला. मागच्या रांगेतल्या दोघांनी बॅगेकडे पाहिलं. मग मी पर्स खाली ठेवली, गुडघ्यांत वाकले, आणि त्या चकचकीत फरशीवर दोन्ही हातांनी नारळ खवून दाखवला.